सोनोग्राफीतलं 'बुडबुड्यांचं इंजेक्शन': मेंदूला खरंच काही होतं का?

कारेलीबागची_सून | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे सासरे (नाना) ७६ वर्षांचे. पोट जड वाटतं म्हणून साधी सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये अडीच सेंटीमीटरची गाठ निघाली. क्रिएटिनिन २.१ (म्हणजे किडनी मंदावलेली), त्यामुळे सीटीचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे आतलं स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, शक्यतो टाळू असं रेडिओलॉजिस्ट म्हणाले आणि 'कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी' सुचवली. शिरेतून बारीक बुडबुडे सोडतात आणि ते गाठीत कसे शिरतात ते लगेच प्रोबने बघतात. येत्या गुरुवारची वेळ दिली आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग इंदूरच्या भावोजींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. हे बुडबुडे मेंदूचं संरक्षक कवच उघडतात आणि मग रक्तातलं वाट्टेल ते मेंदूत शिरतं, असं त्यात आहे. नानांना तीन वर्षांपूर्वी छोटा स्ट्रोक येऊन गेलाय, त्यामुळे घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई 'नकोच' म्हणतात, हे 'डॉक्टरांना कळतं' म्हणतात. खुद्द नाना म्हणाले, "म्हणजे माझ्या अंगात सोडा वॉटर भरणार म्हणा की."

डॉक्टरांना विचारलं तर "काही होत नाही हो" एवढंच. या वाक्यावरचा माझा विश्वास पहिल्या बाळंतपणातच उडालाय. कुणी हे केलंय का? मेंदूचं जे म्हणतात त्यात तथ्य किती?

लीलो_चेवडो | सोमवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

नर्मदेचा_गोटा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, स्पष्ट सांगतो, राग नसावा. हल्ली साध्या सोनोग्राफीत पैसे सुटत नाहीत म्हणून हे नवनवे प्रकार काढलेत. माझ्या मेव्हण्याला एका ठिकाणी (नाव घेत नाही) एका महिन्यात त्याच पित्ताशयाच्या तीन तपासण्या करायला लावल्या. खडा पहिल्याही तपासणीत होता, तिसऱ्याही. आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

प्रोब_हाती | सोमवार, रात्री ११:४८

नवीन प्रकार नाही हो गोटाभाऊ. १९६८ साली अमेरिकेत रॉचेस्टरला ग्रामियाक आणि शाह या दोघांनी हृदयाच्या इकोत बुडबुड्यांमुळे रक्त उजळलेलं दिसतं हे मांडलं. तपासण्या उगाच वाढवतात ही तक्रार मात्र पुष्कळदा खरी असते, त्यावर वाद नाही.

सूनबाई, मी अठरा वर्षं याच खात्यात आहे, बडोद्यातच. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे नानांनी करावं की नाही हे मी सांगणार नाही. होतं काय ते सांगतो.

आमच्याकडे सोनोव्ह्यू नावाचं औषध येतं. छोट्या बाटलीत कोरडी पांढरी पावडर आणि वर गॅस. त्यात ५ मिली सलाईन घालायचं आणि वीस सेकंद जोरात हलवायचं. ताक घुसळल्यासारखं नाही, खोकल्याची बाटली हलवतात तसं. पातळ दुधासारखं दिसायला लागतं. लिव्हरसाठी त्यातलं २.४ मिली शिरेतून देतात आणि मागून ५ मिली सलाईन. बारीक सुई वापरत नाहीत, बुडबुडे फुटतात. मग घड्याळ सुरू. दहा-वीस सेकंदांत गाठीत पहिला उजेड दिसायला लागतो, कारण लिव्हरला रोहिणीतून येणारं रक्त आधी पोचतं. मग दुसऱ्या शिरेचं रक्त येतं. दोन मिनिटांनंतर बाकी लिव्हर चमकत राहतं का आणि गाठ काळी पडते का, यावर सगळा खेळ. पाचेक मिनिटांत संपतं. नंतर अर्धा तास बसवून ठेवतो, सुई काढत नाही.

एक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. म्हणजे पेशी जिथून जाते तिथून हा आरामात जातो, कुठे अडकत नाही. वर फॉस्फोलिपिडचं पातळ कवच, आत सल्फर हेक्झाफ्लोराइड.

मकरपुऱ्याचा_ब्रेकर | मंगळवार, सकाळी ६:१५

थांबा थांबा. सल्फर हेक्झाफ्लोराइड? म्हणजे एसएफ६? अहो, मी एकतीस वर्षं मकरपुऱ्यात स्विचगिअरच्या कारखान्यात काढली. एसएफ६ म्हणजे हाय व्होल्टेज सर्किट ब्रेकरच्या टाकीत भरतात तो गॅस! ठिणगी विझवायला! तो माणसाच्या शिरेत?? आमच्याकडे जुना ब्रेकर उघडताना मास्क, हातमोजे, सगळा सरंजाम असे. आत पांढरी भुकटी साठते, तिला हात लावायची बंदी होती. हरितगृह वायू म्हणून तर कार्बन डायऑक्साइडच्या वीसेक हजार पट वाईट.

सूनबाई, मी तरी दोनदा विचार करीन.

लीलो_चेवडो | मंगळवार, सकाळी ७:३०

नानांचा लोड शेडिंगपासून बचाव होईल.

(हा गॅस हुंगला की आवाज घोगरा होतो, त्याचे व्हिडिओ आहेत. नाना आरती म्हणतात का?)

कारेलीबागची_सून | मंगळवार, सकाळी ८:१०

म्हणतात, आणि ती सुरसागरपर्यंत ऐकू जाते. अजून घोगरा नको.

प्रोब_हाती | मंगळवार, दुपारी १:२२

ब्रेकरकाका, गॅस तोच, पण भीती त्याची नाही. मास्क त्या भुकटीसाठी होता. ठिणगी पडून गॅस तुटला की जे विषारी तयार होतं, त्यासाठी. शुद्ध एसएफ६ कशाशी काही करत नाही. म्हणून तर तुम्ही तो ब्रेकरमध्ये भरत होतात आणि म्हणूनच हे शिरेत देतात. रक्तात विरघळत नाही, त्यामुळे बुडबुडा चटकन विरून जात नाही.

आता मोजमाप. एका मिलिलिटरात गॅस ८ मायक्रोलिटर. २.४ मिलीत झाला साधारण १९. म्हणजे एका मिलिलिटरचा पन्नासावा भाग! पाण्याचा एक थेंब याच्या दुप्पट-अडीचपट असतो. तुमच्या एका टाकीच्या गॅसमध्ये अख्ख्या बडोद्याची लिव्हरं बघून होतील.

मकरपुऱ्याचा_ब्रेकर | मंगळवार, दुपारी २:००

पन्नासावा भाग! मग माझं म्हणणं मागे. टाकीत आम्ही किलोने भरायचो.

आजवा_रोड | मंगळवार, दुपारी ३:१५

पण शिरेत हवा गेली की माणूस जातो ना? सिनेमात नर्स रिकामी सिरिंज टोचते.

प्रोब_हाती | मंगळवार, दुपारी ३:४०

त्याला एकगठ्ठा बरीच हवा लागते, तीही मोठ्या बुडबुड्यांची. इथे एका मिलीत दहा ते पन्नास कोटी बुडबुडे, पण सगळे मिळून अर्धा थेंबही नाही. गॅस फुप्फुसातून उच्छ्वासावाटे निघून जातो, बहुतांश दोन मिनिटांत, पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळाच. किडनीला कामच नाही, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्यांना हे सुचवतात. मेंदूपर्यंत तर तो पोचतच नाही.

राजवाड्यावरचे_पोहे | मंगळवार, सायंकाळी ५:०५

भिया, शेवटचं वाक्य जरा तपासा. मी इंदूरचा, पेशाने बँकवाला, पण या बुडबुड्यांनी माझे सहा महिने खाल्लेत म्हणून बोलतोय.

अडतिसाव्या वर्षी मला एकाएकी डाव्या बाजूला बधिरपणा आला, दहा मिनिटांत गेला. कारण सापडेना. मग 'बबल टेस्ट' केली. त्यात हे महागडं औषध नसतं. दोन सिरिंज एकमेकींना जोडून सलाईन आणि चिमूटभर हवा इकडून तिकडे ढकलत फेस करतात आणि शिरेत देतात. ते बुडबुडे मोठे, फुप्फुसाच्या गाळणीत अडकायला हवेत. हृदयाच्या डाव्या कप्प्यात दिसले तर मधल्या पडद्याला भोक आहे. मला खोकायला सांगितलं आणि पडद्यावर तारे चमकावेत तसे डावीकडे दिसले. चार मोठ्या माणसांत एकाला असं भोक जन्मापासून असतं म्हणे.

मुद्दा असा की प्रोबदादांचे बुडबुडे त्याहून बारीक, फुप्फुसाची गाळणी पार करण्यासाठीच बनवलेले. म्हणजे ते डावीकडे जाणारच, आणि डावीकडचं रक्त मेंदूतही जातंच.

प्रोब_हाती | मंगळवार, सायंकाळी ५:३०

बरोबर पकडलंत. मी घाईत चुकीचं लिहिलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमध्ये जातात. वाहिनीच्या बाहेर पडत नाहीत, असं म्हणायला हवं होतं.

नर्मदेचा_गोटा | मंगळवार, सायंकाळी ५:४१

बघा! आधी "पोचतच नाही", आता "जातात". उद्या काय म्हणाल? आणि कॉन्ट्रास्ट मेंदूत साठतो हे मी स्वतः वाचलंय. जपानी लोकांनी शोधून काढलं. यावर काय म्हणणं आहे?

दांडियाबाजार_केमिस्ट | मंगळवार, रात्री ९:२०

ते वाचलंत ते खरं, पण पाहुणा वेगळा. 'कॉन्ट्रास्ट' हा एकच शब्द तीन वेगळ्या औषधांना वापरतात आणि सगळा घोळ तिथे होतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन "कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी आहे" म्हणतं तेव्हा माझा पहिला प्रश्न, कुठला?

सीटीत आणि अँजिओग्राफीत आयोडिन. ते किडनीवाटे जातं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम. जपानी संशोधन त्याचं, २०१४ सालचं. वारंवार डोस घेतलेल्यांच्या मेंदूत ठरावीक दोन जागा उजळलेल्या दिसल्या. त्याने प्रत्यक्ष अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपने २०१७ मध्ये जुन्या ढंगाच्या, म्हणजे सरळ साखळीच्या गॅडोलिनियमवर बरेच निर्बंध आणले. रिंगणात धातू घट्ट धरून ठेवणारे प्रकार चालू आहेत. आणि तिसरे हे बुडबुडे. यात ना आयोडिन, ना धातू. साठायला काही उरतच नाही.

भावोजींच्या व्हिडिओत बहुतेक एमआरआयची भीती सोनोग्राफीला चिकटवली असेल.

टोरांटोची_बडोदेकरीण | मंगळवार, रात्री ११:५५ (आमच्याकडे दुपार)

केमिस्टकाका, थोडी असहमत. कवच उघडण्याची गोष्ट एमआरआयची नाही, बुडबुड्यांचीच आहे, आणि खरी आहे. उलट ती इथल्या शहराची शान आहे.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट विणलेलं असतं की बहुतेक औषधं आत जाऊच शकत नाहीत. ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात तो. २००१ मध्ये सशांवर दाखवलं गेलं की बुडबुडे शिरेतून देऊन बाहेरून ध्वनीलहरी एका बिंदूवर एकवटल्या तर तेवढ्याच जागी हा पडदा काही तासांसाठी सैल होतो. २०१५ च्या नोव्हेंबरात टोरांटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलात मेंदूच्या ट्यूमरच्या रुग्णावर कवटी न उघडता हे पहिल्यांदा केलं, केमोथेरपी आत पोचावी म्हणून. पुढे अल्झायमरच्या रुग्णांवर. माझी मैत्रीण त्याच हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय.

म्हणजे भावोजींचा व्हिडिओ अगदीच हवेतला नाही. फक्त, ज्यासाठी लोक रांगेत उभे आहेत ते त्यात 'साइड इफेक्ट' म्हणून दाखवलंय.

नर्मदेचा_गोटा | बुधवार, सकाळी ७:०२

धन्यवाद ताई. माझा मुद्दा सिद्ध झाला. कवच उघडतं.

वाघोडिया_रोडचे_मास्तर | बुधवार, सकाळी १०:३०

गोटाभाऊ, अर्धा सिद्ध झाला. मी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवलं, वैद्यक नाही, तेव्हा ध्वनीपुरतं बोलतो.

बुडबुडा एकटा काही करत नाही, रक्ताबरोबर वाहत जातो. त्याच्यावर ध्वनीलहर पडली की दाबाच्या चढउताराबरोबर तो आक्रसतो आणि फुगतो. हळू लहर असेल तर नुसता श्वास घेतल्यासारखा. जोराची असेल तर फुटतो, आणि फुटताना शेजारच्या भिंतीला धक्का देतो. १९९८ मध्ये उंदराच्या स्नायूत सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष पाहिलंय. जोर वाढवला तशा केशवाहिन्या फुटल्या. म्हणजे भीती निराधार नाही. पण टाळीला दोन हात लागतात, बुडबुडा आणि आवाज. नानांच्या मेंदूत बुडबुडा जाईल, आवाज जाणार नाही. प्रोब पोटावर आहे.

आणि तोही केवढा? मेंदूच्या त्या उपचारात एक शिरस्त्राण असतं, त्यात आवाज सोडणारे हजारावर स्फटिक, सगळ्यांचा रोख एका बिंदूवर. वारंवारिता सव्वादोनशे किलोहर्ट्झच्या आसपास, कारण कमी वारंवारितेचा आवाज कवटी भेदतो. लिव्हरची सोनोग्राफी मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे दहा-पंधरा पट वर, आणि तो आवाज हाडात शिरता शिरता बराच विरतो. जोर मोजायला मशीनवर एक आकडा असतो, एमआय. लहरीचा सर्वांत खोल ऋण दाब भागिले वारंवारितेचं वर्गमूळ. अमेरिकी नियमाने कमाल १.९. बुडबुड्यांची तपासणी ०.१ च्या आगेमागे करतात, कारण जास्त जोर लावला तर बुडबुडे फुटून जातील आणि डॉक्टरला काही दिसणारच नाही! इथे डॉक्टरचा स्वार्थ आणि पेशंटचं हित एकाच बाजूला आहेत. असं वारंवार घडत नाही.

स्ट्रोकबद्दल एक सांगतो, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताज्या स्ट्रोकच्या रुग्णांना गुठळी विरघळवायचं औषध देऊन वर ३०० किलोहर्ट्झचा ध्वनी डोक्यावर दिला. मेंदूत रक्तस्राव वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. बुडबुडे त्यात नव्हतेच. दोष आवाजाचा, जागेचा आणि वेळेचा.

लीलो_चेवडो | बुधवार, सकाळी १०:४४

मास्तर, दंडवत. मी तुमच्याच हाताखाली नापास झालो होतो बहुतेक.

वाघोडिया_रोडचे_मास्तर | बुधवार, सकाळी १०:५०

बहुतेक नाही, नक्की. तेव्हाही असेच उशिरा येत होतात.

गोपाचल | बुधवार, दुपारी १२:१५

मी ग्वाल्हेरहून, लष्कर भागातून. विषय थोडा वळवते, माफ करा. आईला अल्झायमर होऊन पाच वर्षं झाली. मला आता ती "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारते. काल दुपारी मात्र वरणाला फोडणी देताना मोहरी तडतडायच्या आत हिंग घातला म्हणून माझ्यावर खेकसली, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. टोरांटोच्या ताईंनी लिहिलेला उपचार कुठे मिळतो? कितीही लांब जाऊ.

टोरांटोची_बडोदेकरीण | बुधवार, दुपारी ४:३०

गोपाचल ताई, वाचून बराच वेळ नुसती बसले. खोटी आशा देणार नाही. २०१८ ला जे छापून आलं ते फक्त पाच रुग्णांचं होतं, तेही सुरुवातीच्या टप्प्यातले. मेंदूच्या पुढच्या भागात पडदा उघडला, चोवीस तासांत बंद झाला आणि गंभीर इजा झाली नाही, एवढंच पाहायचं होतं. आठवण परत आली असं काही नाही. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतले तीन रुग्ण आले. त्यांना अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) काढणारं औषध देताना हा पडदाही उघडला, तर जिथे उघडला तिथे अमायलॉइड जास्त कमी झालं. तीन रुग्ण, ताई. हा अजून प्रयोग आहे, दवाखान्यात जाऊन घ्यायचा उपचार नाही. कुणी पैसे घेऊन 'करून देतो' म्हणालं तर आल्या पावली परत फिरा.

गोपाचल | बुधवार, सायंकाळी ६:००

कळलं. हिंगाचं तेवढं चालू ठेवते.

राजवाड्यावरचे_पोहे | बुधवार, सायंकाळी ६:२५

ताई, आमच्याकडे या एकदा आईंना घेऊन. इंदूर काही लांब नाही. पोहे-जिलेबी खाऊन कुणालाही काहीतरी आठवतंच.

लीलो_चेवडो | बुधवार, सायंकाळी ६:३१

सेव-उसळ खाल्ली की विसरलेलं सगळं नाकातून बाहेर येतं. बडोदे १, इंदूर ०.

राजवाड्यावरचे_पोहे | बुधवार, सायंकाळी ६:३३

नाक गळणं म्हणजे चव नव्हे, भिया.

(संपादकांनी अवांतर मूळ धाग्यापासून लांब नेऊ नये अशी विनंती केली आहे.)

न्यू_जर्सीचा_जावई | बुधवार, रात्री ८:१०

मूळ विषयावर. मेंदू सोडा, हृदयाचा इतिहास बघा. ऑक्टोबर २००७ मध्ये इथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. दिल्यानंतर थोड्याच वेळात चार मृत्यू झाले होते. माझ्या सासऱ्यांचा इको त्याच सुमारास होता, आणि तंत्रज्ञ बाईने कॉन्ट्रास्ट रद्द करून आम्हाला तसंच घरी पाठवलं. पुढे मे २००८ मध्ये इशारा सौम्य केला, कारण मोठमोठ्या तुलनांमध्ये बुडबुडे दिलेल्यांत मृत्यू जास्त दिसले नाहीत. ते चौघे मुळातच फार आजारी होते. तरी चौकट तेव्हा पूर्ण गेली नाही.

दांडियाबाजार_केमिस्ट | बुधवार, रात्री ९:४०

जावईबापूंनी योग्य दार ठोठावलं. मीही तिकडेच येत होतो.

इटलीत २८ केंद्रांमध्ये पोटाच्या २३,१८८ तपासण्यांचा हिशेब २००६ साली छापलाय, याच औषधाचा. मृत्यू शून्य, गंभीर त्रास दोघांना. म्हणजे धोका अगदी थोडा. पण जो आहे तो मेंदूचा नाही, अ‍ॅलर्जीचा. अंगावर गांधी, बीपी पडणं, श्वास अडकणं, आणि बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. सुई काढत नाहीत ती त्यासाठी.

सूनबाई, आता डॉक्टरांना जे विचाराल ते हे: बुडबुड्यांच्या औषधात पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. पीईजी. मॅक्रोगॉलही म्हणतात. २०२१ मध्ये एफडीएने सांगितलं की पीईजीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हे देऊ नका. आणि हे पीईजी आपल्या घरात कुठे येतं? बद्धकोष्ठाच्या पावडरीत. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी दोन लिटर पाण्यात कालवून प्यायला देतात त्यात. बहुतेकांना काही होत नाही, मी रोज विकतो. पण नानांनी कधी ते घेतलं होतं का, आणि तेव्हा काय झालं होतं?

कारेलीबागची_सून | बुधवार, रात्री १०:२०

काका.

अडीच वर्षांपूर्वी नानांची कोलोनोस्कोपी ठरली होती. संध्याकाळी पावडरचं पाणी करून दिलं. दुसरा ग्लास संपायच्या आत पाठीवर, पोटावर लाल गांधी, ओठ सुजले, आवाज बसला. रिक्षा करून नेलं, इंजेक्शन दिलं, रात्री ठेवून घेतलं. तपासणी राहिली ती राहिलीच.

आणि आम्ही दोष कुणाला दिला माहीत आहे? वांग्याला. त्या दुपारी पथ्याचं खायला सांगितलेलं असताना नानांनी शेजारच्या काकूंकडे जाऊन गुपचूप भरली वांगी हाणली होती. डॉक्टरांसमोर कबूल केलं. केस पेपरवर "वांग्याची अ‍ॅलर्जी?" असं लिहिलं गेलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात वांगं आलेलं नाही. पावडरीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, कारण ती 'नुसतं जुलाबाचं' होती.

पण नानांनी कोविडची लसही घेतली होती, कोविशिल्डचे दोन डोस, काही झालं नाही. त्यात हे पीईजी असतं म्हणतात ना?

दांडियाबाजार_केमिस्ट | बुधवार, रात्री १०:३१

कोविशिल्डमध्ये नव्हतं, त्यात पॉलिसॉर्बेट होतं. पीईजी फायझर-मॉडर्नामध्ये. त्यामुळे लसीवरून काही ठरत नाही. पावडरीचं पाकीट शोधा आणि उद्या सकाळी तपासणीच्या आधी फोन करा. इथे माझ्याशी बोलत बसू नका.

नर्मदेचा_गोटा | बुधवार, रात्री १०:४०

सूनबाई, माझे प्रतिसाद बाजूला ठेवा. उद्या आधी फोन.

लीलो_चेवडो | गुरुवार, सकाळी ९:००

काय झालं?

आजवा_रोड | गुरुवार, दुपारी १:४५

+१

मकरपुऱ्याचा_ब्रेकर | गुरुवार, रात्री ९:१५

सूनबाई, एक ओळ तरी टाका. इथे झोप उडालीय.

कारेलीबागची_सून | १९ दिवसांनी, रात्री ९:५०

माफ करा, दमछाक चालू होती.

पाकीट सापडलं. औषधांच्या डब्यात नाही. सासूबाई पाकिटं फेकत नाहीत, त्यात दिवाळीच्या रांगोळीचा गुलाबी रंग भरून ठेवला होता. मागे बारीक अक्षरांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल. फोटो रेडिओलॉजिस्टना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. या वेळी "काही होत नाही हो" म्हणाले नाहीत. म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं." माणूस चांगला आहे. बुडबुडे रद्द.

मग किडनीच्या डॉक्टरांशी बोलून (ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ३२ आहे) एमआरआय केला, केमिस्टकाकांनी सांगितलेल्या रिंगणवाल्या गॅडोलिनियमने. म्हणजे भावोजींच्या व्हिडिओतून पळून पळून गोटाभाऊंच्या जपान्यांकडे पोचलो. एकदाच द्यायचं असेल तर चालेल म्हणाले. गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता. काही करायचं नाही, सहा महिन्यांनी साधी सोनोग्राफी.

परवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅक्रोगॉलची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली. नानांच्या पाकिटात आता तसं लिहिलेलं कार्ड आहे. वांगंही तपासलं, आणि निर्दोष सुटलं.

टोरांटोची_बडोदेकरीण | १९ दिवसांनी, रात्री १०:०५

हुश्श!

प्रोब_हाती | १९ दिवसांनी, रात्री १०:२२

आमच्या संमतिपत्रात पीईजीचा प्रश्न इंग्रजीत होता, सातव्या ओळीत. आजपासून गुजराती आणि मराठीत "जुलाबाच्या पावडरीने कधी अंगावर उठलं होतं का?" असं हाताने लिहून भिंतीवर लावलंय. आज एका बाईंनी वाचून "पावडरीने नाही, सुनेने उठतं" म्हणून सांगितलं.

नर्मदेचा_गोटा | १९ दिवसांनी, रात्री १०:३०

वांग्याची अडीच वर्षं कोण भरून देणार?

कारेलीबागची_सून | १९ दिवसांनी, रात्री १०:४४

आजच सकाळी खंडेराव मार्केटमधून बारीक काटेरी वांगी आणली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी थोडं द्या, थांबा, बघा. नानांनी एक खाल्लं, अर्धा तास घड्याळ समोर ठेवून बसले, मग म्हणाले, "झाला अर्धा तास. पातेलं आण."